बिननावाचं वॉरंट

गिलथ्वेट गावात कॉन्स्टेबलचं काम आणि त्याची काठी घरांच्या ओळीने फिरायची. यंदा या घरी, पुढल्या वर्षी शेजारी. राणी मेरी वारली त्याच्या पुढच्या वसंतात ती अर्सुला हार्करच्या दाराशी आली. विधवा बाई, आपल्या जागी कुणी पुरुष उभा करील, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अर्सुलाने काठी हातात तोलून पाहिली.

"पाळी माझ्या घराची ना? मग मीच करीन. मेंढरं हाकायची काठी याहून जड असते."

गावसभेपुढे बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली, की हाती येईल ते वॉरंट बजावीन आणि कागदात असेल त्याहून कमीजास्त करणार नाही. अर्सुला शपथेला घाबरणारी होती, माणसांना नव्हे. छापील बायबल ती घडाघडा वाचायची, पण लिहिता मात्र येत नव्हतं. चालताना, बोलताना, पाद्रीबाबांचं लांबलेलं प्रवचन ऐकतानासुद्धा तिच्या हातातला विणायचा मोजा वाढत असायचा.

जूनअखेरीस मॅजिस्ट्रेट थॉर्नबरो साहेबांचा कारकून पिंकनी घोड्यावरून आला आणि त्याने पाच कागद तिच्या टेबलावर टाकले. प्रत्येकाच्या तळाशी साहेबांची सही, लाल लाखेची मोहोर. वरती "याला पकडा" एवढा हुकूम, आणि नावाची जागा कोरी.

"यात नाव कुणाचं?" तिने विचारलं.

"ते लागेल तसं भरायचं. आसपासच्या सगळ्या गावांत असंच चालतं, बाई. साहेबांनी काय दर वेळी उठून सही करायची? यातल्या एकावर माइल्स ऑल्डरसनला उचल. उद्याच."

"त्याने केलं काय?"

"तोंड उघडलंय त्याने."

ते खरं होतं. साहेब माळावर भिंत घालत होते. गावाने पिढ्यान्‌पिढ्या जिथून चुलीसाठी पीट, म्हणजे वाळवून जाळायची दलदलीची माती, काढलं, ती जागा त्या भिंतीआड जाणार होती, आणि माइल्स येत्या तिमाही कोर्टात त्याविरुद्ध साक्ष देणार होता. कोर्टाला सहा दिवस उरले होते. शहरातल्या तुरुंगात तापाने माणसं पटापट मरत. माइल्सची बायको गरोदर होती.

"मग त्याचं नाव तुम्हीच लिहा की," अर्सुला म्हणाली.

पिंकनी हसला. माइल्सविरुद्ध शपथेवर कुणी तक्रारच केली नव्हती, म्हणजे वॉरंटच बेकायदा. स्वतःच्या अक्षरात नाव घालायला तो काही खुळा नव्हता. "पाद्रीबाबांकडून लिहून घे. आणि हयगय केलीस तर तुझ्यासाठीही एक कागद निघेल, समजलं?"

तो गेला. त्या संध्याकाळी चुलीवरच्या खापरावर ओटची भाकरी करपून गेली तरी अर्सुलाचं लक्ष नव्हतं. गुडघे टेकून तिने प्रार्थना केली. वॉरंट बजावलं नाही तर शपथ मोडते, आणि त्यात माइल्सचं नाव घातलं तरीही मोडते. मग कागदात आहे तेवढंच करायचं. नाव नाही ना? तर ज्याला नाव नाही, त्यालाच शोधायचं.

सकाळी काखेत काठी अडकवून आणि हातात मोजा घेऊन ती पहिल्या दाराशी उभी राहिली.

"अर्सुलाकाकू, कुणाला पकडायला निघालात?"

"ज्याला नाव नाही त्याला. तुझं नाव काय?"

"अहो, माझ्या बाप्तिस्म्याला तुम्हीच मला धरलं होतं!"

"ते जाऊ दे. नाव सांग."

पुढच्या दारात म्हातारा ऑस्विन लोहार खोखो हसला. "माझी बायको मला रोज नावं ठेवते, काकू. एकही रिकामा दिवस नाही. माझ्यावर तुमचं वॉरंट चालायचं नाही!"

माइल्सच्या दाराशीही ती गेली. तो पांढराफटक पडला होता. "काकू, मी पळून जाऊ का?"

"खुळ्या, पळालास तर साक्ष कोण देईल? नाव सांग."

"माइल्स ऑल्डरसन."

"मग तू नव्हेस. दार लाव, वारा येतोय."

पाच दिवसांत सगळं गाव झालं. कॉन्स्टेबलला वॉरंटचा जबाब कोर्टात द्यावाच लागतो. तशी तीही बाजारगावी गेली. बाकावर सात मॅजिस्ट्रेट होते, आणि त्यांत थॉर्नबरो साहेब. मधल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणाला पकडलंस?"

"कुणालाच नाही, साहेब. गिलथ्वेटचं घरन्‌घर धुंडाळलं. बिननावाचं एकच सापडलं, तीन दिवसांचं. पण परवा रविवारी त्याचाही बाप्तिस्मा झाला."

कोर्टभर हशा पिकला. मोठे साहेबही हसतच तिने पुढे केलेला कागद बघायला लागले आणि मध्येच थांबले. सही ओळखीची होती. थॉर्नबरो साहेबांचे कान लाखेसारखे लाल झाले.

"असे अजून आहेत?"

तिने उरलेले चार पुढे ठेवले. थॉर्नबरो काहीतरी पुटपुटले, "कारकुनाची चूक..."

"मोहोर कारकुनाची नाही," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी पाचही मोहोरा चाकूने खरवडून काढल्या आणि कागद उभे फाडले. कोरं वॉरंट यापुढे कुठल्याही कॉन्स्टेबलने घेऊ नये, असा हुकूम त्यांनी तिथेच लिहायला लावला. थॉर्नबरो साहेबांच्या पदाला धक्का लागला नाही, तेवढं कुणाच्या हाती नव्हतं. पण माइल्सचा पुकारा झाला, आणि तो उभा राहिला. आधी अडखळत, मग धडधडीत, कोणत्या ओढ्यापासून कोणत्या दगडापर्यंत गाव पीट काढतं ते त्याने सांगितलं. कोर्टाने दोन माणसं जागा पाहायला नेमली आणि तोवर भिंतीचं काम थांबवलं.

परतताना माळावर माइल्स तिच्या बरोबरीने चालत होता. "काकू, मी बरं बोललो ना?"

"बरं बोललास. पण ओढ्याबद्दल तीनदा सांगितलंस."