तिच्या हातची आंबील

जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन तिथं आलो, शेजारशेजारच्या घरांत. तिचं माहेर आळंदकडचं, कानडी. सुरुवातीला बोलताना शब्द अडला की ती हसून हातवारे करायची. मी तिला मराठी शिकवलं, तिनं मला पापडासारखी पातळ कडक भाकरी थापायला शिकवलं. पुढं गावात कुणाचंही कार्य असलं की शेंगापोळ्या लाटायला पहिलं बोलावणं तिला.

तिचा नवरा बोअरच्या गाडीवर कामाला होता. गाडी नेईल तिकडं, महिनोन्महिने बाहेर. आजारी होऊन घरी आला आणि वर्षाच्या आत गेला. तेव्हा डॉक्टरांनी तिचंही रक्त तपासायला लावलं. तिला एचआयव्ही निघाला, लेकीला नाही. परसात भांडी घासता घासता तिनं मला हे सांगितलं. "पोरगी वाचली बग," एवढंच म्हणाली आणि राखेनं भरलेले हात तसेच धरून बसून राहिली.

गोळ्या धाराशिवलाही मिळायच्या, पण तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून ती सोलापूरला जायची. सासूला सांगायची, पाठीचं औषध आणायला जाते. कधी मी सोबत जायची, म्हणजे गावाला वाटावं दोघी बाजाराला निघाल्यात. गोळ्या लागू पडल्या, अंग भरलं. शेतात ती माझ्या पुढं दोन सऱ्या असायची. तिला काही झालंय याचा मलाच विसर पडायचा.

मग आमच्या गल्लीतली एक बाई सुनेच्या बाळंतपणासाठी सोलापूरच्या त्याच दवाखान्यात गेली आणि तिनं हिला या गोळ्या मिळतात त्या खोलीबाहेर बसलेलं पाहिलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त पोळ्यांची बोलावणी थांबली. सासूनं तिचं ताट आणि तांब्या गोठ्याच्या भिंतीशी वेगळा ठेवला. लेकीची वेणी घालायलाही मनाई झाली. दुरून बोलून लेकीला भांग पाडायला सांगताना मी तिला पाहिलंय.

त्या वर्षीची वेळअमावस्या मला आठवते. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपट, करून त्यात पूजा होते, मग वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. ती आमच्या शेतात आंबिलीची घागर घेऊन आली. दरवर्षी तिची आंबील आधी संपायची. बायांनी पंगतीत एकमेकींकडं पाहिलं. कुणी म्हणालं पोट भरलं, कुणी म्हणालं घसा धरलाय. मी पेला भरून घेतला. ती हळूच म्हणाली, "नको पिऊ गं. तुज्या घरचे बघायलेत."

मी प्यायले. पण ती घागर घेऊन बांधाच्या पलीकडं गेली आणि सगळी आंबील मातीत ओतली.

त्यानंतर तिनं सोलापूरला जाणं सोडलं. मी भांडले, हातापाया पडले, स्वतः जाऊन गोळ्या आणते म्हणाले. लेकीची शपथ घातली. ती शांतपणे ज्वारी निवडत राहिली.

"गोळ्या खाऊन जगंन मी," ती म्हणाली. "पण कुणात जगू?"

पाऊसकाळात तिला खोकला लागला, मग ताप. तिच्या भावाला बोलावून आम्ही तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती उचलून घेण्याइतकी हलकी झाली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असत्या तर काहीच झालं नसतं. भाऊ बाहेर जाऊन पायरीवर बसला. थोड्याच दिवसांत ती गेली.

मयतीला गाव आलं, पण बाया दाराबाहेरच थांबल्या. सासूनं उंबऱ्याबाहेरून लुगडं आत सरकवलं. सासू मान वर करत नव्हती. पाणी मी तापवलं. तिची माहेरहून आलेली बहीण आणि मी, दोघींनी तिला अंघोळ घातली. बहीण तिच्याशी कानडीत बोलत होती, लहान मुलीशी बोलावं तसं. मी तिचे केस धुतले. इतके दाट केस होते तिचे, मुठीएवढे राहिले होते.

दिवस झाल्यावर मामा लेकीला न्यायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पोरीला टीबीच सांगा. उद्या तिचं लगीन करायचंय."

निघताना लेक माझ्याकडं आली आणि तिनं विचारलं, "मावशी, आईला काय झालतं?" माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी तिचा हात धरून खरं ते सांगितलं.

ती म्हणाली, "मला म्हाईत होतं. लई दिवसांपासून. आईला वाटायचं मला कळलं तर मी तिच्याजवळ येणार न्हाय. म्हणून मला कळलंय असं मी दावलंच न्हाय."

मामानं मोटारसायकल चालू केली. ती मागं बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि ते आळंदच्या वाटेला लागले.