मुद्दाम बिघडवलेला घड

कारखान्यात सगळे तिला द्राक्षबाई म्हणत. दुकानांच्या काचेमागे आणि हॉटेलांच्या टेबलांवर मांडायची खोटी फळं तिथे बनत. सफरचंदं, संत्री कुणीही रंगवायचं, पण द्राक्षं तिच्याच हातची लागत. मेणाच्या मण्याला ती आधी फिका हिरवा हात द्यायची, त्यावर जांभळा. शेवटी कापसाच्या बोळ्याने पांढरी भुकटी अशी टेकवायची, की ताज्या द्राक्षावरची धुरकट झाक हुबेहूब उमटे. बघणाऱ्याला वाटावं, बोट लावलं तर पुसली जाईल.

भुकटी उडू नये म्हणून तिच्या खोलीची खिडकी कायम बंद. पंखाही नाही. वरच्या मजल्यावर कापडी फुलं करायच्या बायका बसत, त्यांचं खिदळणं खाली ऐकू यायचं. नोकरीला लागली तेव्हा तिला फुलंच करायची होती. दर वर्षी ती विचारी आणि मालक दर वर्षी तेच म्हणत, "अगं, फुलं काय, कुणीही करेल. द्राक्षं कोण करणार?"

घरी सांगावं, तर नवरा म्हणे, "मालक डोक्यावर घेऊन नाचतात आणि तू रडतेस?"

शेवटी तिने डाव टाकला. नव्या ऑर्डरीतला पहिलाच घड मुद्दाम बिघडवला. देठाजवळचे मणी हिरवेच ठेवले. काही एका अंगाने लालसर, दुसऱ्या अंगाने फिके. दोन मणी गरम सुरीने दाबून सुरकुतवले, एकाची साल चिरली. पांढरी झाक मधेमधे पुसून बोटांचे ठसे उमटवले. हे बघून मालक भडकतील आणि आपली उचलबांगडी थेट वर होईल, असा तिचा होरा. एक गोष्ट मात्र तिला खटकली. घड बिघडवताना तिचा हात कधी नव्हे इतका मोकळा चालला होता.

मालकांनी घड उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला.

"हे काय केलंस?"

"हात चालत नाही आता, मालक. मला फुलांकडे..."

"वेडी की काय! आत्ताच वेलीवरून तोडून आणलाय असं वाटतंय. सगळे असेच कर."

"अहो, पण चुकलाय तो!"

"मग अशाच चुकत जा," म्हणत ते हसत निघून गेले.

वरच्या बायका घड बघायला खाली आल्या. "नशीब काढलंस गं," एकजण म्हणाली. तीही त्यांच्याबरोबर हसली. त्या जिना चढून गेल्यावर तिने सुरी पुन्हा तापत ठेवली.

साधा घड तिच्या हातून झरझर व्हायचा. हा नवा करायला अर्धा दिवस जाई, कारण प्रत्येक घडाची सुरकुती वेगळी हवी, अशी मालकांची ताकीद होती. फुलांचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. काही दिवसांनी मालकांनी तिच्या टेबलावर आणखी एक दिवा बसवून दिला. "डोळ्यांना त्रास नको," म्हणाले.