तिसऱ्या ठोक्यानंतर

'डावा कान' हा बँड अकरा महिने टिकला. त्यात माणसं दोनच होती, म्हणजे भांडणाला पुरेशी आणि मध्यस्थीला कुणी नाही. कार्यक्रम पाच झाले, गाणी सहा. फोनवर रेकॉर्ड केलेली ती सहा गाणी इंटरनेटवर आजवर चारशे बारा वेळा ऐकली गेली आहेत. त्यातल्या निम्म्या वेळा घरच्यांनीच ऐकली असावीत. ज्यांनी बँड पाहिला ते अजून सांगतात, की गाणारी बाई लोकांकडे अर्धी पाठ करून उभी राहायची आणि ड्रम वाजवणारा गृहस्थ कानांवर कारखान्यातली पिवळी जाड कवचं चढवून बसायचा. एका जाणकाराने याला 'श्रोत्यांची मनधरणी करायला दिलेला ठाम नकार' म्हटलं होतं. खरं कारण अगदी साधं होतं. ते कुणाला कळू नये म्हणून दोघांनी अकरा महिने जीव मुठीत धरून काढले.

गाणारी बाई एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरीला होती. कारखान्यात डब्यांची पत्र्याची झाकणं व्हायची आणि बाईचं काम एकच होतं, वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराचे कान तपासायचे. तिला सगळे कानताई म्हणत. दवाखान्याच्या कोपऱ्यात कपाटाहून जराशी मोठी एक बंद खोली होती. आतून भिंतींना जाड स्पंज, एक बोटभर जाडीची काच, एक स्टूल. कामगाराने आत बसायचं, हेडफोन चढवायचा, हातात बटण धरायचं. बाहेर कानताई यंत्राची कळ दाबायची, की आत 'टूं' असा आवाज जायचा. आधी मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचं, बाहेर दिवा लागायचा. ऐकू येईनासं झालं की कागदावर फुली. फुल्या एका तांबड्या रेघेच्या खाली उतरल्या, तर त्या माणसाला आवाजाच्या खात्यातून काढून पॅकिंगला पाठवायचं, असा नियम. नियम माणसाच्या भल्याचा होता, त्यामुळे तो कुणालाच आवडत नसे.

घड्याळराव एकवीस वर्षं मोठ्या प्रेसवर होते. मिनिटाला बावीस झाकणं, एक कमी नाही, एक जास्त नाही, म्हणून हे नाव. तरुणपणी ते एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे. तो बँड मोडला, आणि हातांना काहीतरी ठोकायला हवं म्हणून ते प्रेसवर आले, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या तपासणीचा कागद दर वर्षी तान्ह्या बाळाचा असावा तसा स्वच्छ यायचा. सेहेचाळीस वर्षांचा प्रेसवाला आणि कान तान्ह्याचे, यात काही गडबड आहे असं कानताईच्या मनात यायचं, पण दिवा लागतो म्हटल्यावर दिव्याशी कोण वाद घालणार?

त्या वर्षी मात्र तिला ऐन वेळी शिंक आली. बोट कळीपासून दूर गेलं, आवाज आत गेलाच नाही. आणि दिवा लागला.

तिने दिव्याकडे पाहिलं. मग बोट मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. दिवा पुन्हा लागला. जरा थांबून पुन्हा. आतमध्ये संपूर्ण शांतता होती आणि घड्याळराव डोळे मिटून तिला दाद देत होते.

तिने दार उघडलं.

"दादा, आत्ता काय ऐकू आलं?"

घड्याळरावांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "टूं आलं की."

"मी कळ दाबलीच नव्हती. मी शिंकले."

त्यांनी हेडफोन काढून हळूच मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याची वायर सरळ करत राहिले. "म्हणजे सापडलो."

"कधीपासून चाललंय हे?"

"तीन वर्षं. तुम्ही चाराच्या हिशेबाने दाबता, मॅडम. एक, दोन, तीन, मग जरा रेंगाळता, मग चार. सुरुवातीचे आवाज मोठे असतात, तेवढ्यात ठोका हाती लागतो. पुढे काय, चालत्या गाडीत बसून राहायचं."

"वेळ बदलून बदलून दाबायचं असतं. तसंच शिकवलंय आम्हाला. मी बदलते!"

"बदलता ना. पण त्या बदलण्याचीही एक चाल आहे. फार सुरेख आहे, खरंच सांगतो. ते तिसऱ्यानंतरचं रेंगाळणं कुणाला शिकवून येत नाही."

इथे कानताईने फुली मारायला हवी होती. पण तिला एक थोरला भाऊ होता. त्याने घरच्या गच्चीवर बँड काढला तेव्हा तिला गिटारसकट जिना दाखवला होता. म्हणाला होता, "तुझ्या हाताला ताल नाही. गाडीचा इंडिकेटर लावून दिला तरी तू त्याच्या पुढे पळशील." ती चौदा वर्षं दार लावून वाजवत होती. आणि आज एक अर्धबहिरा माणूस, ज्याने पकडला गेल्यावर खरं तर गयावया करायला हवी होती, तिच्या बोटाची तारीफ करत होता.

"पॅकिंगला नका पाठवू," घड्याळराव म्हणाले. "तिथे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची. प्रेसवर माझा ठोका आहे. तो गेला तर उरलं काय?"

"आणखी दोन-तीन वर्षांनी काहीच ऐकू येणार नाही तुम्हाला. आणि प्रेसची घंटा? वरचा ठोकळा खाली यायच्या आधी वाजते ती?"

"ती पायाला कळते. जमीन थरथरते."

कानताईने कागदावर सही केली. लाच कुणी दिली नव्हती. तिने आपली आपणच घेतली होती.

पुढच्या सुटीच्या दिवशी सकाळी ती गिटार घेऊन दवाखान्यात आली. किल्ली तिच्याकडेच असायची. पहारेकऱ्याला तिने सांगितलं की यंत्राची जुळवणी करायची आहे. त्या कपाटाएवढ्या खोलीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. घड्याळरावांच्या मांडीवर रबराची जाड चकती आणि हातात दोन काड्या. कारखान्यातली सर्वांत शांत जागा, बाहेर टाचणीएवढा आवाज जात नव्हता. तिथे त्यांचं पहिलं गाणं झालं, आणि ते दोघांनाही आवडलं, ही पुढच्या सगळ्या अनर्थाची सुरुवात.

कानताईच्या अटी दोन होत्या. प्रेसवर आणि ड्रमवर कवचं काढायची नाहीत. आणि दर दोन महिन्यांनी खरी तपासणी, कागदावर न आणता. घड्याळरावांचा डावा कान जवळपास गेला होता, उजवा जात होता. म्हणून ती त्यांच्या उजव्या हाताला, तोंड त्यांना दिसेल अशी उभी राहायची. श्रोत्यांना जी अर्धी पाठ दिसायची ती ही. बँडचं नाव घड्याळरावांनी ठेवलं. "लपवायचं ते पाटीवर लिहावं," ते म्हणाले, "पाटी कोण वाचतो?"

पहिला कार्यक्रम सायकल दुरुस्तीच्या दुकानात झाला, एकोणीस माणसांसमोर. तिसऱ्याला उभं राहायला जागा नव्हती. गाणी सुधारत होती आणि कान बिघडत होता, आणि दोन्हींचा वेग साधारण सारखाच होता. दर दोन महिन्यांनी कानताई आकडा मनात ठेवायची आणि तोंडाने म्हणायची, "तेवढंच आहे." घड्याळराव तिच्या ओठांवरून ते वाचायचे. ओठांवरून खोटं नीट वाचता येत नाही, किंवा त्यांना वाचायचं नव्हतं.

पाचवा कार्यक्रम पुस्तकांच्या एका दुकानाच्या तळघरात होता. शेवटचं गाणं घड्याळरावांनी लिहिलेलं होतं: 'हळू बोल, मी तुझ्या ओठांकडे बघतोय.' लोकांना ते प्रेमगीत वाटलं. पुढच्या रांगेतली एक बाई मात्र टाळ्या न वाजवता उठली आणि कानताई गिटार पेटीत ठेवत होती तिथे येऊन उभी राहिली.

"मी त्यांची बायको."

"वहिनी! बसा ना."

"बसायला नाही आले. तुम्हाला माहीत होतं ना?"

कानताईने पेटीची कडी लावली, पुन्हा काढली.

"घरात गेली तीन वर्षं मी ओरडून बोलते," वहिनी म्हणाल्या. "शेजारी म्हणतात, बाई भांडखोर आहे. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम ऐकत नाही. नवरे ऐकत नाहीतच, त्यात काय एवढं! आज कळलं. तेही गाण्यातून, पन्नास परक्या माणसांबरोबर."

"वहिनी, त्यांनीच मला सांगितलं होतं की—"

"थांबा." त्यांनी पर्समधून काहीतरी काढून गिटारच्या पेटीवर ठेवलं. कातडी हातमोजा होता. तीन बोटांच्या टोकांशी सुरीने कापावा तसा सरळ कापलेला. "मला सांगितलं, हरवला. पँटच्या खिशात मिळाला. बोटं शाबूत आहेत, मी मोजली. पुढच्या वेळी प्रेसची घंटा ऐकू आली नाही तर? कागदावर सही कुणाची आहे, ताई?"

पलीकडे घड्याळराव पाठमोरे होऊन ड्रमचे स्क्रू सैल करत होते. बायको आली आहे हेही त्यांना कळलं नव्हतं.

वार्षिक तपासणी सहा दिवसांवर होती.

कानताईला ठाऊक होतं, की नुसतं वेळ बदलून दाबणं पुरेसं नाही. अकरा महिन्यांत घड्याळरावांना तिच्या बोटाची चाल तिच्यापेक्षा नीट कळली होती. ती कुठे फसवेल हेही त्यांनी आधी ओळखलं असतं. तिने हजेरीच्या कार्डांवरचे नंबर उतरवून काढले. सात, दोन, नऊ, एक, तेवढे सेकंद थांबायचं. स्वतःचा ताल बाजूला ठेवायला तिला कागदाचा आधार लागला. भावाने हे पाहायला हवं होतं. आणि पहिल्याच चुकलेल्या ठोक्याला घड्याळरावांना कळणार होतं, की काचेच्या बाहेर बसलेली आता त्यांच्या बँडमधली नाही.

ते वेळेवर आले. वेळेवर येणं हाच त्यांचा धंदा. "ताई, पुढच्या कार्यक्रमाचं ठरलं का?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन बसले.

मोठे आवाज झाले. दिवा लागला, लागला, लागला. आवाज बारीक झाला. कानताईने कागदाकडे पाहिलं: सात. तिने बोट वर धरलं. एक, दोन, तीन. इथे रेंगाळायची सवय. चार. दिवा आता लागायला हवा होता.

दिवा लागला नाही.

सात सेकंदांनी तिने कळ दाबली. नाही. मग दोन, मग नऊ. नाही. तिने कागद उलटा ठेवला आणि आपल्या जुन्या चालीने, तिसऱ्यानंतर मुद्दाम रेंगाळून, चार आवाज दिले. इतके बारीक की त्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मोजता येणं सहज शक्य होतं.

दिवा नाही.

तिने काचेतून आत पाहिलं. घड्याळरावांचे डोळे उघडे होते. उजव्या हातात बटण होतं. डाव्या हाताने त्यांनी स्वतःचा गुडघा घट्ट धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि तरीही टाच जमिनीवरून उचलली जात होती. ते टाच दाबून धरत होते.

फुल्या तांबड्या रेघेच्या बऱ्याच खाली गेल्या. ते बाहेर आले.

"झालं?"

"झालं."

"हातमोजा तिने दाखवला ना तुम्हाला?" ते म्हणाले. "मला वाटलंच. मीही म्हटलं, यंदा नाही मोजायचं. फार अवघड गेलं हो."

"पॅकिंग, दादा."

"हं." ते दारापर्यंत गेले आणि वळले, तिचं तोंड दिसावं म्हणून. "मागच्या वर्षीच्या कागदाचं काय? एका वर्षात एवढा कान जात नाही. विचारतील."

विचारायच्या आधीच तिने तो कागद बाहेर काढला होता. आपल्या सहीखाली तिने लिहिलं: 'ही तपासणी चुकीची होती. चूक तपासणारीची.' पेनाने कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं.

कंपनीने तिला नोकरीवरून काढलं नाही. तीन महिने नोंदी लिहायला बसवलं आणि दवाखान्यात नवं यंत्र आणलं, जे आवाज केव्हा द्यायचा ते स्वतःच ठरवतं. कानताई आता फक्त दार उघडते आणि लावते. सहावा कार्यक्रम रद्द झाला तेव्हा जाणकाराने लिहिलं, की या जोडीत बहुधा कलाविषयक मतभेद झाले असावेत.

घड्याळराव पॅकिंगमध्ये आहेत. दोन्ही कानांना यंत्रं लागली आहेत, घरातलं बोलणं खालच्या पट्टीत आलं आहे, आणि शेजाऱ्यांचा विरस झाला आहे. यंदाची तपासणी त्यांनी त्या नव्या यंत्रावर दिली. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, याच्या बोटात काही नाही."

"तपासणी बरोबर करतं ते," कानताई म्हणाली.

"मी कुठे नाही म्हटलं?" म्हणाले आणि खोक्यांकडे गेले.