पुजलेला चाकू आणि उकडलेले बाण

आमच्या तालमीच्या सेक्रेटरींना दोन गोष्टींचा फार अभिमान होता, मिशांचा आणि शास्त्राचा. मिशा तरी खऱ्या होत्या. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात तिरंदाजी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात मुलगी मी एकटी. कॉलेज सुटलं की पदर खोचून मी तालमीमागच्या मैदानात जायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात स्पर्धा होती. सेक्रेटरींचा पुतण्या धरून तिघे मुलगे आणि मी जाणार, हे ठरलेलं होतं. घरच्यांच्या होकारासाठी मी महिनाभर नाक घासलं होतं.

बाणांची पिसं मात्र झडायला आली होती. नवी चिकटवायची तर आधी जुनी काढायला हवीत, आणि त्यांच्याखालचा वाळलेला सरसही. तो राहिला की नवं पीस वाकडं बसतं आणि बाण शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातो. चाकूने खरवडलं तर तासाभराचं काम. पण सेक्रेटरींना ते आठवलं नेमकं खंडेनवमीला, चाकू-कात्र्या हळदकुंकू लावून पाटावर मांडून झाल्यावर. दाढीचं ब्लेडसुद्धा पुजलं होतं. पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

"मग बाणांना हात लावलेला कसा चालतो? ते हत्यार न्हाय व्हय?" मी विचारलं.

"पिसं गेल्यावर ती नुसती काडी. शास्त्र हाय ते," सेक्रेटरी म्हणाले.

शास्त्राने चाकू बंद केला होता. अक्कल त्यांनी आपखुशीने बंद केली. चुलीवर हंडाभर पाण्याला उकळी आणून बाण त्यात सोडले. सरस सुटला, पिसं वर तरंगली, आणि बांबूच्या काड्या मनाला येईल तशा वाकल्या. सकाळी एकही बाण सरळ नव्हता. "उनात ठिवा, हुतील सरळ," असा नवा शास्त्रार्थ निघाला.

माझे बाण मी हंड्यात जाऊ दिले नव्हते. घरी नेऊन पिसांवर कोमट पाण्याची चिंधी गुंडाळली, सरस मऊ होईपर्यंत थांबले आणि नखाने सोलला. बोटं रक्ताळली. दसऱ्याला पूजा हलल्यावर कात्री मिळाली, तेव्हा करकंबच्या मामाने शेतातून वेचून पाठवलेली मोराच्या पंखातली पिसं कापून चिकटवली.

संध्याकाळी सोनं द्यायला बाण घेऊनच तालमीत गेले. गाडी रात्रीची होती. सेक्रेटरींनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि बाणांसाठी हात पुढे केला.

"पुतण्याला दे ते. सरळ बाण एवढंच हायत. तू काय, पुढच्या साली जाशील की."

"माझे हायत ते."

"तुजं कशानं? बाण तालमीचं हायत."

हे मात्र खरं होतं. रागाने माझे कान तापले. तिथेच पायरीवर बसून मी पिसं उपटायला लागले. सरस अजून ओलसर होता, भराभर निघत होता.

"अगं, काय करतीस?"

"पिसं माझ्या मामाची हायत. काड्या तुमच्या, घ्या की."

त्या वर्षी तालमीतून पुण्याला कुणीच गेलं नाही. मला जायचं होतं, फार जायचं होतं. पण माझी पिसं लावून पुतण्याने नेम मारला असता, तर ते मी आजही सोसलं नसतं.