दोरा गालाला टेकेना

कारखान्यात सगळे त्यांना वळसेमास्तर म्हणत. चिनी मातीच्या बरण्या, किटल्या, फुलदाण्या करणारा कारखाना होता तो. नवा घाट ठरला की आधी मास्तरांनी तो कागदावर काढायचा आणि साचेवाल्यानं त्यावरून साचा घडवायचा. अडतीस वर्षं मास्तरांनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या चित्रात भांड्याभोवती आडव्या बारीक रेघा फिरलेल्या असत. बरणीच्या पोटावरून मुंगी गोल फिरून आली तर तिच्या पायांची जशी वाट उमटेल, तशा. त्या रेघांना ते वळसे म्हणत, म्हणून ते वळसेमास्तर.

ही विद्या त्यांना कुठल्या शाळेत मिळाली नव्हती. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बरणीची नुसती बाहेरची कड अशी स्वच्छ काढली की स्वतःच खूश झाले. साचेवाल्यानं तो कागद दोन्ही कोपऱ्यांना धरून उजेडात नेला आणि म्हणाला, “ही बरणी आहे की बरणीची सावली? हिच्यात हात कुठून घालायचा?” सगळा विभाग हसला. मास्तर, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे, तोंड पाडून घरी आले.

घरी ताई होती. आई लवकर गेली, तेव्हापासून आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या या बहिणीनंच लोकांचे कपडे शिवून त्यांना वाढवलं होतं. तिनं मशीन न थांबवता सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली. मग उठली, फळीवरची रिकामी बरणी टेबलावर ठेवली आणि काळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन गळ्यापासून बुडापर्यंत बोटबोट अंतरावर दोरा गुंडाळला.

“बरणी काढूच नकोस,” ती म्हणाली. “दोरा काढ.”

मास्तरांनी दोरा काढला. डोळ्यांच्या रेषेत आला तो दोरा सरळ, त्याच्याखालचे पोटाकडे झोल खाल्लेले, आणि कडेपाशी येताच प्रत्येकानं घाईनं वळून पाठीमागे पळ काढलेला. कागदावर बरणी फुगली. दुसऱ्या दिवशी साचेवाल्यानं चित्रावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता प्लास्टर कालवायला घेतलं. साचेवाला गप्प बसला म्हणजे सत्कारच समजायचा.

तर अशी दोघं भावंडं एकाच छपराखाली म्हातारी झाली. लग्न त्यांनी केलं नाही आणि तिनंही नाही. का, ते विचारायला गेलेल्याला ताई मापाची टेप दाखवायची आणि कंबर मोजू का म्हणायची. विचारणारा पुन्हा फिरकत नसे.

मग ताईला दुखणं लागलं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, फार तर दोन महिने. ते आत आले तेव्हा नुसत्या चपलांच्या आवाजावरून ताईनं ते ओळखलं. तिचा चेहरा एव्हाना ओसरत चालला होता. हाडं वर आली होती, गाल आत गेले होते. आयुष्यभर फोटोवाला दिसला की ही आतल्या खोलीत, त्यामुळे घरात तिचा एकही फोटो नव्हता. आणि आता तिच्या मनानं घेतलं की भिंतीवर आपलं चित्र असावं.

“हे असलं थोबाड नको,” ती म्हणाली. “पहिलं काढ. तुला शाळेत पोचवायला यायची ना, तेव्हाचं. माझ्यादेखत झालं पाहिजे, मला बघायचंय.”

मास्तरांना वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. त्यांनी रजा काढली, खिडकीशी टेबल ओढलं आणि पेन्सिलीला टोक केलं. कपाळ आलं, नाक आलं. भरलेल्या गालावर वळसे फिरवायला घेतले, तर हात असा सरसर चालला की त्यांना भरूनच आलं. संध्याकाळी कागद ताईपुढे धरला. तिनं बराच वेळ पाहिला आणि तिला हसू फुटलं. हसताना खोकला आला, तरी हसणं थांबेना.

“अरे, ही तुमची पाच नंबरची बरणी. नुसतं झाकण घालायचं राहिलंय.”

खरंच तसं होतं. पुढचे आठ दिवस मास्तरांनी अकरा कागद केले. कधी पाच नंबर यायची, कधी मोठी किटली. अडतीस वर्षांतली प्रत्येक बरणी त्यांना डोळे मिटून आठवत होती. ज्या चेहऱ्यासमोर बसून रोजचा चहा प्यायले, तो मात्र त्यांनी कधी पाहूनच ठेवला नव्हता.

नवव्या दिवशी ताईनंच रीळ मागितलं. “आहे त्याच्यावरच गुंडाळ,” ती म्हणाली. “नंतर कागदावर भर घाल थोडी, आम्ही कपडे सैल करतो तशी.” मास्तरांनी दोरा तिच्या कानामागून घेतला आणि गालावरून हनुवटीकडे आणला. पण दोरा गालाला टेकेना. गालफडाच्या हाडावरून निघाला तो थेट जबड्यावर, मधल्या खळग्यावरून सरळ ताणलेला. त्यांनी सैल सोडला, तो लोंबला. पाण्यात भिजवून पाहिला, तो सुटला. फुगीर वस्तूला दोरा बिलगतो, खोलात उतरत नाही, हे त्यांना साठीच्या जवळ आल्यावर कळलं. अख्ख्या कारखान्यात असा खळगा असलेलं भांडं कुणी केलंच नव्हतं.

शेवटी त्यांनी बोटानंच दोरा खळग्यात दाबून धरला. ताईनं डोळे मिटले. एका हातानं दाबायचं आणि दुसऱ्यानं काढायचं, असे तीन वळसे झाले. चौथ्याला ती म्हणाली, “राहू दे आता. बोट दुखतंय तुझं.” दुखत काही नव्हतं. पण त्यांनी दोरा सोडला, रिळावर परत गुंडाळला.

त्यानंतर पाचव्या दिवशी ताई गेली. चित्रासाठी ठोकलेला खिळा भिंतीत तसाच राहिला.

मास्तर कामावर परतले. महिन्याभरानं एका नव्या बरणीचं चित्र त्यांनी साचेवाल्याकडे दिलं. साचेवालाही आता म्हातारा झाला होता. त्यानं नेहमीसारखं वळशांवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबला.

“मास्तर, ही पोटात आत गेलीय. खळग्यात अडकून साचा सुटायचा कसा?”

मास्तरांनी कागद हिसकावूनच घेतला आणि खिडकीशी नेला. उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. कुठं काही ओळखीचं दिसतं का, ते शोधत राहिले. नव्हतं. ताईचा गाल तर नव्हताच, धड बरणीही नव्हती. हात हलल्यामुळे चार रेघा वाकड्या गेल्या होत्या, इतकंच.

त्यांनी रबर घेतलं, त्या चार रेघा पुसल्या आणि परत फुगीर काढून दिल्या.