गॅस पेटवेपर्यंत

बाबांना बंगाली येत नव्हतं, पण बंगाली दिग्दर्शकांबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. बर्मिंगहॅममध्ये बंगाली डॉक्टरांचा एक फिल्म क्लब आहे. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सिनेमा दाखवतात. त्यात बाबा एकटे मराठी. जुन्या मोठ्या दिग्दर्शकांत श्रेष्ठ कोण यावरून तिथे उघड दोन तट होते. भांडण इंग्रजीत सुरू व्हायचं, बंगालीवर जायचं, आणि सबटायटल्स वाचून शहाणे झालेले माझे बाबा त्यात सगळ्यांच्या वरताण आवाज चढवायचे. ते भूलतज्ज्ञ होते. आई म्हणायची, "जन्मभर लोकांना भूल दिली, आता ह्यांनाच चढलीय."

जेवताना आम्हाला गोष्टीही त्याच ऐकाव्या लागत. अमक्या दिग्दर्शकाने म्हणे नटी घेतलीच नाही, गावातलीच एक बाई उभी केली. तमक्याने म्हणे सीन काय आहे हे त्या बाईला सांगितलंच नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्या नटीला सात जन्मांत जमलं नसतं. त्यातलं खरं किती आणि क्लबातल्या गप्पा किती, देव जाणे. बाबांचे डोळे मात्र चमकायचे. "खरा चेहरा मागून मिळत नाही," ते म्हणायचे, "तो चोरावा लागतो." मलाही तेव्हा ते वाक्य आवडायचं.

मागच्या वर्षी बाबा गेले, झोपेतच. मी मेडनहेडचं घर नवऱ्यावर सोपवून आईजवळ येऊन राहिले. माझं ऑफिस ब्रॅकनेलला, पण लॅपटॉप कुठेही उघडता येतो. आई रडत नव्हती, याची मला धास्ती वाटायची. ती कपाटं आवरायची, बागेतलं गवत काढायची, भेटायला आलेल्यांना स्वतःच धीर द्यायची. फक्त पोळ्या तिने बंद केल्या. आम्ही भात खायचो, नाहीतर ब्रेड.

त्याचं कारण सांगायला हवं. रिटायर झाल्यावरही बाबा रोज सकाळी गाडी काढून बाहेर पडायचे. लायब्ररी, मग अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, जाऊन चार मुळे उपटायचे आणि जेवायला घरी. पोळी त्यांना तव्यावरून थेट ताटात लागायची. आई कणीक मळून, लाट्या करून थांबायची. स्वयंपाकघराची खिडकी ड्राइव्हवर, म्हणजे घरासमोरच्या गाडी लावायच्या जागेवर, उघडते. बाबांची जुनी डिझेल गाडी फाटकातून वळताना किंचित किंचाळायची, मग चाकांखाली खडी वाजायची, आणि आई तव्याखालचा गॅस पेटवायची. मान वर करून बघायचीसुद्धा गरज नसे. पण इंजिन बंद झालं तरी बाबा लगेच उतरायचे नाहीत. दोन-चार मिनिटं गाडीतच बसून राहायचे. आई रोज चिडायची, "पहिली पोळी गार होते. काय करता तिथे बसून?" बाबा म्हणायचे, "बातम्या संपत आल्या होत्या."

तर बाबा गेले आणि काही महिन्यांनी क्लबातल्या एका डॉक्टरांचा फोन आला. कोलकात्याचे एक दिग्दर्शक इथे सिनेमा करायला आलेत, इकडे येऊन म्हाताऱ्या झालेल्या माणसांवर. त्यांना पंधरा दिवस एक घर हवं आहे. नाव ऐकून मी आईकडे बघितलं. आत्ताच्या बंगाली दिग्दर्शकांत बाबा ज्यांना मानायचे, ते हेच. यांचा नवा सिनेमा लागला की बाबा ट्रेनने लंडनला जायचे. हे एकदा आपल्या घरी जेवायला यावेत, अशी त्यांची फार इच्छा होती.

"येऊ देत," आई म्हणाली. "ह्यांना बरं वाटेल."

ते आले. साठीतले, बारीक, अंगात जुना मोठा स्वेटर. आईशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी इंग्रजीत. माणूस लाघवी. युनिटची मुलं खुर्च्या हलवत असायची आणि हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आईला विचारायचे, तुम्ही इथे आलात तेव्हा पहिला हिवाळा कसा काढलात, डॉक्टरसाहेब घरी किती वाजता यायचे. आणि आई बोलायची. माझ्याशी न बोललेलं त्यांच्याशी बोलायची. गाडीचं, गॅसचं, बातम्यांचं, सगळं तिने त्यांना सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकायचे आणि मला खरंच बरं वाटायचं. चला, निदान कुणासमोर तरी मोकळी होतेय.

सिनेमात एक बाई आपल्या खिडकीतून समोरच्या घरात बघत असते. ती नटी होती. समोरच्या घरातली गृहिणी मात्र त्यांना खरी हवी होती. "तुम्ही फक्त पोळ्या करायच्या," ते आईला म्हणाले. "अगदी नेहमीसारख्या. मी सांगेन तेव्हा सुरू करा."

बाबांची गाडी ते गेल्यापासून ड्राइव्हवरच उभी होती. युनिटच्या व्हॅनसाठी आम्ही ती रस्त्यावर नेऊन लावली, तीही बॅटरीला जम्प देऊन. पोळ्यांच्या शॉटच्या दिवशी दुपारी मी ऑफिसचा कॉल संपवून खाली आले तेव्हा ते ड्राइव्हवर कॅमेऱ्यापाशी उभे होते. कॅमेरा बराच खाली लावलेला, खिडकीकडे तोंड करून. मला म्हणाले, "एक मदत कराल? खिडकीच्या काचेत गाडीची हलकी सावली हवी आहे. आत आणून कॅमेऱ्याच्या मागे थांबवा."

मी आणली. माझं सगळं लक्ष फाटकाच्या खांबाकडे आणि रिसायकलिंगच्या डब्यांकडे होतं. गाडी वळताना किंचाळली, खडी वाजली, मी इंजिन बंद केलं. बाहेर कुणी हूं की चूं करत नव्हतं, कॅमेरा चालू होता. तेव्हा मला समजलं. त्यांना सावली नाही, आवाज हवा होता. मी मागच्या दाराने धावत आत गेले.

आई ओट्याशी उभी होती. गॅस पेटलेला, तव्यातून धूर निघायला लागलेला. तिच्या हातात लाटी होती आणि ती खिडकीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. ते करायचं नाही, एवढंच मला या सगळ्यातून कळलंय. बाहेरून अजून 'कट' आलेलं नव्हतं. मी गॅस बंद केला, तिच्या हातातली लाटी काढून घेतली. मग ती म्हणाली, "अगं, बंद कशाला केलास? ही सगळी मुलं जेवायची आहेत ना." आणि तिने पुन्हा गॅस पेटवून सगळ्या युनिटसाठी पोळ्या केल्या.

इथवर मी त्या माणसाला 'ते' म्हणत आले, पुढे मला ते जमणार नाही. मी ड्राइव्हवर जाऊन त्याला फाडून खायचंच बाकी ठेवलं. तो शांत होता, त्यामुळे माझं डोकं आणखी तापलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी अभिनय केला असता," तो म्हणाला.

"मग करू द्यायचा होता. शी इज नॉट युअर मटेरियल. नवरा गेलाय तिचा."

"तुमचे वडील असते तर त्यांना कळलं असतं."

 ते खरं होतं. दुसऱ्या कुणाच्या आईचा हा शॉट असता तर बाबांनी चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या, घरी येऊन जेवताना आम्हाला ती गोष्ट रंगवून सांगितली असती. मला त्या क्षणी बाबांचाही राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट असतं, तो काढायचा कुणावर?

"एडिट झालं की मी स्वतः येऊन दाखवीन," तो म्हणाला. "आईंनी नको म्हटलं तर शॉट निघेल. शब्द देतो."

त्यानंतरचे काही महिने माझा जीव त्या शॉटमध्ये अडकला होता. तो निघायलाच हवा होता. अनोळखी माणसांनी पॉपकॉर्न खात माझ्या आईचा तो चेहरा बघावा, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी आईला रोज पढवायचे, "नाही म्हण, स्पष्ट नाही म्हण." ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. आवाज नको म्हणून बाबांची गाडी मी रस्त्यावरच ठेवायला लागले. ट्रॅफिक वॉर्डनने दोनदा काचेवर तिकीट लावलं, तरी आत आणली नाही.

मग तो आला. बाबांच्या टीव्हीला त्याने लॅपटॉप जोडला. आई सोफ्यावर, मी तिच्या शेजारी, हात तयार ठेवून, जणू ती पडणारच होती. पडद्यावर आमची खिडकी आली. खिडकीत आई, मान खाली घालून लाटी वळताना. गाडी किंचाळली, खडी वाजली, आणि आईने मान वर करून बाहेर बघितलं. तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि ओठ थोडे रागावलेले, आता पुन्हा बसणार गाडीत, अशा थाटात. हात आपोआप खाली गेला, गॅस पेटला. आणि मग ते पुढचं आलं, जे मी सांगणार नाही म्हटलं.

आई म्हणाली, "परत लावा."

त्याने परत लावलं. आईने चष्मा पुसला. "परत."

तिसऱ्या वेळी तिने हात वर करून थांबवायला सांगितलं. गॅस नुकताच पेटला होता. पडद्यावर तो हसरा, रागावलेला चेहरा.

"कॅमेरा कुठे होता?" तिने विचारलं.

"ड्राइव्हवर. गाडी थांबते तिथे."

"खाली होता?"

"हो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला."

आईने बोट उचलून पडद्यावरची खिडकी दाखवली. मग माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "तिथून ही खिडकी दिसते, होय गं? मला कधी कळलंच नाही. मी कधी त्या सीटवर बसलेच नाही." पुन्हा पडद्याकडे बघत म्हणाली, "आणि मला म्हणायचे, बातम्या ऐकतो."

ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर, मोठ्याने. तो माणूस उठून बाहेर बागेत गेला. त्याला तेवढी अक्कल होती.

परत आला तेव्हा आईने त्याला हिंदीत सांगितलं, "गॅस पेटवते तिथपर्यंत ठेवा. पुढचं माझं आहे."

त्याचा चेहरा पडला. पुढचं नसेल तर शॉटला अर्थच राहत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. हुशार माणूस, चांगलं समजावलं. नुसती एक बाई गॅस पेटवते, लोकांना काय कळणार?

"नाही कळलं तर राहू दे," आई म्हणाली.

त्याने शब्द पाळला. तेवढं मला मान्य करावं लागतं. पण ते पुढचं कोलकात्यात कुठल्यातरी हार्ड डिस्कवर असणार, आणि ते आठवलं की अजून माझं अंग जळतं. मी त्याला माफ केलेलं नाही. आणि त्याने ती चोरी केली नसती तर आईला ती खिडकी कधीच दिसली नसती, हेही मला कळतं. या दोन गोष्टींची सांगड मला घालता येत नाही. मी आता तो प्रयत्नही सोडलाय.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी सिनेमा क्लबात दाखवला. त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडकीचा शॉट आला. एक बाई मान वर करते, हसते, गॅस पेटवते. पुढच्या रांगेतल्या काकांनी त्याच वेळी समोशाचा कागद चुरगाळला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आईने माझा हात घट्ट धरला होता, आणि शॉट संपल्यावर सोडला.

घरी येताना मी सवयीने रस्त्याच्या कडेला बाबांची गाडी थांबवली.

"आत लाव," आई म्हणाली. "किती दिवस दंड भरणार?" आणि ती उतरून पुढे गेली, कुलूप उघडून आत.

मी थोडा वेळ तशीच थांबले. मग गाडी फिरवली. ती किंचाळली, खडी वाजली. मी इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदाच मान वर करून समोर बघितलं. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. आईने कोट काढलेला नव्हता. ती तवा ठेवत होती.

मी आत गेले तेव्हा ताट वाढलेलं होतं.

"पहिली पोळी गार झाली," आई म्हणाली. "काय करत होतीस गाडीत बसून?"

"बातम्या ऐकत होते," मी म्हणाले.