शेवटचा हात कोणाचा

आमच्या घरमालकांना न सापडणारा बिघाड झाशीत अजून व्हायचा आहे, असे मी नव्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला सांगत असे. गेल्या उन्हाळ्यापासून मी ते सांगणे बंद केले. एक बिघाड तीन महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि तो त्यांना सापडला नाही, कारण तो मी लपवला होता. पन्नाशी उलटलेला, शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवणारा माणूस एका वृद्धाशी खोटे बोलतो आणि ते निभावूनही नेतो, हे कागदावर उतरवणे मला सोपे जात नाही. पण त्यांच्याविषयी लिहायचे तर ते वगळून लिहिता येणार नाही.

सिविल लाइंसमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षे राहतो आहोत. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आज वय अठ्ठ्याहत्तर. मोहल्ला त्यांना ‘इन्स्पेक्टर साहब’ म्हणतो, मी काका म्हणतो, आणि ते मला ‘मास्टरजी’ म्हणतात. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तोफखान्याबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे काकांच्या मराठीत आम्ही पुण्याकडे विसरून गेलेले काही शब्द अजून नांदतात आणि दर दुसऱ्या वाक्याला हिंदी येऊन टेकते. तोफ उडाली नाही तर तुमचे पूर्वज काय करत असतील, असे मी एकदा गमतीने विचारले. काका गंभीर झाले. म्हणाले, “सगळ्यात आधी विचारत असतील, आखिरी हाथ किसका लगा था.”

हा प्रश्न म्हणजे काकांचे सारे आयुष्य. सिग्नल बिघडला की हत्यारांना हात लावण्याआधी त्याला शेवटचा हात कोणी लावला ते शोधायचे, ही त्यांच्या खात्यातली शिस्त, आणि ती त्यांनी निवृत्तीनंतर घरात आणली. एका लांबट वहीत चार रकाने आखलेले आहेत: काय बिघडले, केव्हा, शेवटचा हात कोणाचा, उपाय. ‘दूध नासले. सकाळी साडेसात. शेवटचा हात: सौ. उपाय: मेहुणीने सकाळी फोन करू नये.’ ही नोंद मी स्वतः वाचली आहे. कुकरची शिट्टी सूर बदलते, गच्चीवरची टाकी वेळेआधी भरते, कूलर सुरू होताना खाकरतो, यांपैकी काहीही चौकशीविना सुटत नाही. दतिया गेटपासून लोक त्यांच्याकडे मिक्सर आणि इस्त्र्या घेऊन येतात. काका स्टीलचा पेला उपडा करून यंत्रावर टेकवतात, त्याच्या बुडाला कान लावतात आणि डोळे मिटून घेतात. मग आलेल्या बाईला अतिशय अदबीने विचारतात, “बहन जी, चटणी वाटताना मधेच कोणी हाक मारली होती का?” बाई थक्क होते, कारण हाक मारलेली असते.

आणि तरीही काका दोषी माणसाला कधी रागावत नाहीत. नाव वहीत गेले की त्यांच्या लेखी प्रकरण मिटते. एकदा मी त्यांना त्याचे कारण विचारले होते. “ओरडून काय करायचं, मास्टरजी? पुढची गाडी सोडायची असते.” त्यामुळे मला त्यांची भीती वाटली म्हणून मी गप्प राहिलो, अशी सबबसुद्धा माझ्याजवळ नाही.

काकांच्या दिवाणखान्यात एक जुना संगणक आहे. दर रविवारी सकाळी दहा वाजता ते इस्त्रीचा सदरा घालून त्याच्यापुढे बसतात आणि बेंगळुरूच्या लेकीशी व नातीशी बोलतात. नातीला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र ती हिंदीत देते. मोबाइलवर हे सारे करता येईल, असे सुचवणाऱ्याला काका सांगतात की फोनमध्ये माणूस कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखा दिसतो. या संगणकाच्या पडद्यावर कित्येक महिने एक चौकट येत असे: नवी प्रणाली तयार आहे, आता घालायची का? काका रोज ‘नंतर’ दाबत. “उभी राहू दे लूप लाइनीवर, बाजूच्या रुळावर,” ते म्हणत, “सोडायची केव्हा ते मी ठरवीन.” पडद्याच्या कडेला त्यांनी हिंदीत चिठ्ठी डकवली होती, ‘बिना पूछे हाँ न दबाएँ’.

गेल्या मार्चमध्ये ते काकूंसह एका लग्नासाठी ग्वाल्हेरला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मला शाळेचा एक अर्ज छापायचा होता, तसे त्यांना विचारून ठेवले होते. ती चौकट मधे आली, मी ‘नंतर’ दाबले, ती पुन्हा आली. मी घाईत होतो. चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे होती. मी ‘हो’ दाबले.

पुढचा दीड तास पडदा निळा होता आणि टक्के मोजत होता. अखेर संगणक नव्या वेषात उभा राहिला. खालच्या पट्टीवरची चिन्हे कोपरा सोडून मधोमध आली होती आणि वायफायचे चिन्ह कुठेच नव्हते. प्रिंटर तारेने जोडलेला असल्याने माझा अर्ज मात्र छापून निघाला. चिन्ह आपोआप परत येईल, असे मी मनाला सांगितले, संगणक बंद केला, कुलूप लावले आणि वर आलो.

ते दोघे त्याच रात्री परतले. दुसऱ्या दिवशी काका जिना चढून आले. हातात वही होती.

“मास्टरजी, काल तुम्ही छापलंत, तेव्हा मशीन ठीक होतं?”

“हो,” मी म्हणालो. “सगळं नीट होतं.”

इतकेच. तो ‘हो’ मी ठरवून उच्चारला नव्हता. तो माझ्या तोंडून इतक्या सहज गेला की तो परत घ्यायला हवा, हे कळेपर्यंत काका जिना उतरले होते.

मग चौकशी सुरू झाली. वायफायचा डबा आधी खिडकीत गेला, तिथून कपाटावर, तिथून देव्हाऱ्याशेजारी, तेव्हा काकू म्हणाल्या, “आता याला पण नैवेद्य दाखवू का?” काकांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि जिन्याखालून मला हाक मारली.

“मास्टरजी, तुमच्या फोनवर येतंय?”

“येतंय, काका.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

काकांनी वही उघडली. “म्हणजे वर चढतंय, आडवं जात नाहीये. पाण्याच्या अगदी उलट.” त्यांनी ते वहीत लिहून घेतले. त्यांच्याच घरातले वायफाय माझ्याकडे वर येत होते आणि ज्या संगणकासाठी ते घेतले होते, तो सहा फुटांवर असूनही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. मी हसलो. हसल्याचे मला आजही वाईट वाटते.

चौथ्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. ‘शेवटचा हात’ या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते.

“मीच दाबलं असणार,” ते म्हणाले. “रोज दाबायचं ते सोडून दुसरं दाबलं. तुम्ही बघितलंत तेव्हा ठीक होतं, तुमच्या काकू हात लावत नाहीत, राहिलं कोण? पण मला काही आठवतच नाही, मास्टरजी. दाबल्याचं बिलकुल आठवत नाही.”

त्यांच्या थोरल्या भावांना शेवटच्या काळात घरातल्या माणसांची नावे आठवत नसत. काकांनी पाच वर्षे त्यांची सेवा केली होती. हे मला ठाऊक होते. त्या क्षणी मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, “या वयात असं होतंच, काका.” माझ्या त्या वाक्याने त्यांचा संशय पक्का झाला असावा.

त्यानंतर हळूहळू काका बदलले. आलेला मिक्सर ते सदर बाज़ारातल्या दुकानाकडे पाठवू लागले. पेला स्वयंपाकघरात परत गेला. कूलर खाकरत राहिला आणि ते त्याच्यापुढे पेपर धरून बसून राहिले. खिशात चिठ्ठ्या दिसू लागल्या, ‘गॅस बंद केला’, ‘दरवाजा लावला’. एकदा चिठ्ठी जिन्यात पडली, ती उचलून द्यायला मी गेलो, तर म्हणाले, “तुमच्या काकूला सांगू नका.” रविवारी ते फोनवर लेकीशी दोन मिनिटे बोलत आणि फोन काकूंच्या हाती देत.

मी प्रायश्चित्त शोधले, तेही लपूनच. सदर बाज़ारात एका संगणक दुरुस्त करणाऱ्याला भेटलो. तो म्हणाला, “सर जी, नया सिस्टम पुराने वायफाय कार्ड को पहचान नहीं रहा।” त्याने बोटाच्या पेराएवढे एक यंत्र दिले. ते मी काकांच्या संगणकाला खोचले आणि चिन्ह परत आले. मला वाटले, सुटलो. काकांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले.

“मशीन बरं झालं,” ते म्हणाले. “चला, तेवढं तरी.”

जूनमध्ये एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून वर आले. वार गुरुवार होता. “मास्टरजी, जरा सोबत याल? घरी चष्म्याचं दुकान सांगितलंय.” ऑटोत बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. काकांनी खिशातून पेन काढले आणि नाव, वय, रेल्वेचा हुद्दा असे सारे वळणदार अक्षरांत भरले. विस्मरणाची सुरुवात कधीपासून, या ओळीपाशी ते थांबले.

“ग्वालियरच्या लग्नाची तारीख कोणती होती हो? तिथूनच धरावं लागेल.”

“काका, ते लिहू नका.”

“का?”

“ते बटण मी दाबलं होतं.”

त्यांनी पेन फॉर्मवरून उचलले. मग त्यांच्या कपाळावर चौकशीची ती जुनी आठी उमटली, जी मी तीन महिन्यांत पाहिली नव्हती.

“कधी?”

“तुम्ही लग्नाला गेलात त्या दिवशी. अकराच्या सुमारास.”

“छापायच्या आधी की छापल्यावर?”

“आधी. ती चौकट सारखी मधे येत होती.”

“चिठ्ठी वाचली होतीत?”

“वाचली होती.”

“आणि वायफायचं चिन्ह?”

“गेलेलं पाहिलं होतं.”

काउंटरवरून मुलीने विचारले, “अंकल जी, फॉर्म भर गया?”

“रुको बेटा,” काका म्हणाले, “अभी जाँच-तफ़्तीश चल रही है।”

त्यांनी पेनाला टोपण लावले. ते पहिल्या खेपेला बसले नाही.

“तीन महिने,” ते हळू आवाजात म्हणाले, “रोज उठलो की डोळे उघडायच्या आधी मी घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायचो. नातीचं सगळ्यात शेवटी, घाबरत. हे माहीत होतं तुम्हाला?”

“नावांचं माहीत नव्हतं. बाकीचं दिसत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

शेजारच्या बाकावरची माणसे ऐकत होती. मी सहसा हळू बोलतो. तिथे मात्र माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला.

“चुकलो मी, काका. तुम्ही स्वतःवर संशय घेत राहिलात आणि मी वर बसून तुमच्याच वायफायवर बातम्या वाचत होतो. मला क्षमा करा.”